मुंबई ते नागपूर, ६८५ किलोमीटर

मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. वैमानिकांच्या हिशेबात ३७० सागरी मैल. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची रेघ मोजली की हा आकडा मिळतो आणि तो बदलत नाही. उन्हाळा असो की पावसाळा, तिकीट स्वस्त असो की महाग. त्याच्यासमोर विमान कंपन्या वेळ लिहितात ती मात्र कधी एक तास पंचवीस मिनिटं, कधी दीड तास, कधी एक तास चाळीस मिनिटं. एअरबस ३२० जातीचं विमान वर पोहोचलं की ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. सरळ भागाकार केला तर पन्नास मिनिटांत नागपूर यायला हवं. मग वरची चाळीस मिनिटं कशाची, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. दिवाळी आटोपल्यावर नागपूरला जायचं ठरलं तेव्हा मी तो नीट मनावर घेतला.

माझं माहेर नागपूरचं, धरमपेठेतलं. सासर गिरगावात. लग्न झाल्यापासून ही दोन टोकं मी सगळ्या वाटांनी जोडून पाहिली आहेत. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, ही आमच्या पिढीची सवय. रेल्वेने हे अंतर ८३७ किलोमीटर भरतं. दीडशे किलोमीटर जास्त का, तर लोहमार्ग कसारा घाट चढून नाशिक-मनमाडवरून खानदेशात शिरतो, जळगाव-भुसावळ गाठतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला येतो. जीआयपी रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपूरला पोहोचले, तेव्हा वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणण्याची घाई होती. दोन शहरं जवळ यावीत म्हणून कोणी तो मार्ग आखला नव्हता.

समृद्धी महामार्गाची गोष्ट निराळी आहे. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. नकाशावर मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती माळशेज घाटावरून जाते, संगमनेरच्या जवळून जाते, छत्रपती संभाजीनगर जवळजवळ तिच्याखालीच येतं, पुढे मेहकर, कारंजा, पुलगाव थोडं इकडेतिकडे. आता समृद्धी बघा : इगतपुरी, शिर्डी, संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा, वर्धा. विमानाची रेघ आणि रस्त्याची रेघ जवळजवळ एकमेकींवर बसतात. डोंगर फोडून, इगतपुरीजवळ आठेक किलोमीटरचा बोगदा खणून माणसाने जमिनीवर हवाई अंतर उतरवलं, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि रस्ता सलग झाला. मात्र तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्यापासून. गिरगावातून आमण्याला पोहोचणं हा स्वतंत्र प्रवास आहे, आणि त्याचे तास कोणत्याच फलकावर लिहिलेले नसतात.

विमानाचंही तसंच आहे. माझं विमान तीनच्या सुमाराचं होतं आणि मी घर सोडलं बारा वाजता. पूर्वी अकरालाच निघावं लागे, कारण पश्चिम द्रुतगती महामार्गावर किती वेळ मोडेल याचा भरवसा नसे. आता मेट्रो तीनची मार्गिका कफ परेडपर्यंत झाली आहे. गिरगाव स्थानकात जिना उतरले, गाडीत बसले, आणि जमिनीखालून पाऊण तासाच्या आत विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलच्या स्थानकात वर आले. या एका मेट्रोने माझ्या माहेरचं अंतर जेवढं कमी केलं, तेवढं कोणत्याही नव्या विमानाने केलेलं नाही. हे मी गिरगावकर म्हणून सांगते आहे. बोरिवलीच्या किंवा कल्याणच्या माणसाचा हिशेब वेगळा निघेल. पनवेलच्या माणसासाठी नवी मुंबईचा विमानतळ तो हिशेब साफ बदलून टाकणार आहे. तिथून नागपूरची रेघ पंधरा-वीस किलोमीटरनेच आखूड आहे, पण पनवेलकराचे दोन तास वाचतील.

तिकिटावरची वेळ नेमकी कशी मोजतात, हे फारसं कोणी सांगत नाही. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या विमानतळावर थांब्याला लागून पुन्हा अडसर बसले की थांबतं. म्हणजे धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर थांब्यापर्यंत येणं, हे सगळं त्या दीड तासात धरलेलं असतं. आणि मुंबईत रांग असतेच. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. त्या एका पट्टीवरून तासाला चाळीसहून जास्त विमानं उतरतात आणि उडतात. सव्वा ते दीड मिनिटाला एक. माझ्या खिडकीतून पुढे पाच शेपट्या दिसत होत्या, निळ्या, लाल, परत निळ्या. प्रत्येक उड्डाणानंतर आमचं विमान एक पाऊल सरकायचं आणि थांबायचं. मधूनच एखादं उतरणारं विमान समोरून धूर उडवत चाकं टेकवायचं. जागेवरून हलल्यापासून पंचवीस मिनिटं झाली, तेव्हा आम्ही जमिनीवरच होतो. ही मिनिटं कंपनीने वेळापत्रकात आधीच घालून ठेवलेली असतात. म्हणूनच रांग कमी असली की वैमानिक मोठ्या आनंदाने सांगतो, आपण वेळेआधी पोहोचलो आहोत.

नागपूर मुंबईच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. पण विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं आणि मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. त्यामुळे पूर्वेला जायचं विमान आधी पश्चिमेला सुटतं. जुहूचा किनारा पायाखालून गेला, मासेमारीच्या होड्या दिसल्या, अरबी समुद्रावर बरंच आत गेल्यावर विमान वळलं. त्या वळणात नागपूर जवळ येण्याऐवजी लांबच गेलेलं असतं. आकाशातही ठरलेल्या वाटा असतात, वर चढायची एक, खाली उतरायची दुसरी, आणि त्या पट्टीने आखलेल्या रेघेवरून जात नाहीत. म्हणून ६८५ किलोमीटरच्या रेघेसाठी विमान प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त उडतं.

माझ्या शेजारी मधल्या जागेवर एक शिक्षक होते, गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीकडचे. मुलाला मुंबईत नोकरी लागली, त्याची राहायची सोय लावून परत निघाले होते. मी खिडकीला नाक लावून बसलेली पाहून त्यांनी विचारलं, ‘‘ताई, काय दिसून राहिलं?’’ मी म्हटलं, ‘‘सर, सह्याद्री येईल आता.’’ आणि तो आलाच. पावसाळ्यात या पट्ट्यात खाली फक्त ढग असतात. घाटमाथ्यावर ते असे अडकून राहतात की विमान हादरे खाऊ लागलं की समजायचं, आपण माळशेजवर आहोत. कार्तिकात मात्र आकाश धुतलेलं असतं. कोकणची उतरती हिरवी जमीन एकाएकी उभी राहते, कडे सरळसोट, आणि त्यांच्या माथ्यावर पठार लगेच पूर्वेकडे आडवं होतं. हरिश्चंद्रगड या रेघेच्या जवळजवळ खालीच येतो. कोकणकड्याची आत वळलेली कड तिरप्या उन्हात स्पष्ट दिसली. गडावर पायी जायला आख्खा दिवस लागतो. आमच्या खालून तो मिनिटाभरात सरकला. घाटापलीकडे दोन-तीन मिनिटांत हिरवा रंग उतरतो आणि संगमनेर-कोपरगावचा पर्जन्यछायेतला भुरा मुलूख लागतो. पाऊस कुठे संपतो हे भूगोलाच्या पुस्तकात मी शाळेत पाठ केलं होतं. खिडकीतून ती सीमा बोटाने दाखवता येते.

विमान अजून चढतच होतं. हीच चाळीस मिनिटांच्या कोड्याची दुसरी किल्ली. पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटं आणि दोनशेच्या आसपास किलोमीटर जातात. उतरायला वैमानिकांचा ठोकताळा असा, की हजार फूट उंचीमागे तीन सागरी मैल हवेत. म्हणजे तेहतीस हजार फुटांवरून उतरायचं तर सुमारे शंभर सागरी मैल, १८५ किलोमीटर आधी सुरुवात. दोन्ही वजा केले तर मुंबई-नागपूरमध्ये पूर्ण वेगाने, पूर्ण उंचीवर जायला उरतात तीनशे किलोमीटर, जेमतेम वीस-बावीस मिनिटं. विमानाचा ताशी ८३० हा वेग एवढ्याच तुकड्यापुरता खरा. चहा द्यायला हवाई सुंदरींची जी धावपळ उडते तिचं कारणही हेच. संभाजीनगरच्या आसपास ट्रॉली निघते आणि कारंजा येईपर्यंत ती आवरायची असते.

उंचीचाही एक नियम आहे. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, एकोणतीस, एकतीस, तेहतीस हजार फूट. पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर. समोरून येणारं विमान हजार फूट वरून किंवा खालून निघून जावं, यासाठी ही व्यवस्था. संभाजीनगर मागे पडल्यावर आमच्या उजवीकडून एक विमान मुंबईच्या दिशेने गेलं, किंचित वरून. दिसलं आणि गेलं. दोघांचा वेग एकत्र केला तर ते सेकंदाला साडेचारशे मीटरहून जास्त वेगाने आमच्यापासून दूर जात होतं.

उजवीकडे नाथसागर बराच वेळ सोबत होता. पैठणच्या जायकवाडी धरणाचं ते पाणी दिवाळीनंतर भरलेलं असतं, कडा बोटांसारख्या नाल्यांमध्ये शिरलेल्या. मग जालना, काळ्या जमिनीचे चौकोन, त्यात कपाशी वेचणीला आलेली. तेवढ्या उंचीवरून कापूस दिसत नाही, पण जमीन दिसते आणि वऱ्हाडच्या माणसाला ती ओळखायला दुसरं काही लागत नाही. शिक्षकांनी आता खिडकीकडे मान लांबवली होती. मी मागे सरकून त्यांना जागा दिली, आणि तेवढ्यात लोणार आलं.

लोणारचं सरोवर या रेघेच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जमिनीवर उभं राहून पाहिलं की ते एका नजरेत मावत नाही. काठावरची झाडी, दैत्यसूदनाचं देऊळ, खाली उतरणारी वाट, सगळं तुकड्या-तुकड्यांनी बघावं लागतं. इथून ते अख्खं दिसलं. आजूबाजूची शेतं वाकडीतिकडी, रस्ते वाकडेतिकडे, नाले तर विचारूच नका, आणि त्या सगळ्यात एकच आकार कंपासने काढल्यासारखा गोल. काठाची कड उन्हात उजळ, आतला उतार गर्द, तळाशी पाण्याची हिरवट-करडी चकती. सूर्य आमच्या पाठीमागे होता, त्यामुळे पूर्वेकडची आतली भिंत उजळली होती आणि पश्चिमेकडची सावलीत होती. दीड मिनिट, फार तर दोन. ‘‘हे माणसानं नाही केलं, हे लगेच समजते,’’ शिक्षक म्हणाले. ते विज्ञान शिकवतात. मुलांना दाखवायला त्यांनी फोनवर फोटो काढला, पण काचेच्या प्रतिबिंबाने तो बिघडला, आणि दुसरा काढेपर्यंत लोणार पंखाखाली गेलं.

त्यानंतर पाच-सात मिनिटांतच इंजिनांचा आवाज बदलला आणि उतरणं सुरू झालं. वर्धा नदीचं वळण, मग विहिरींनी टिपक्या दिलेले संत्र्यांचे मळे. सूर्य एवढ्यातच खाली झुकलेला वाटत होता, आणि तो भास नव्हता. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, आणि एका अंशाला सूर्याची चार मिनिटं. म्हणजे नागपूरला सूर्य मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो आणि साधारण तेवढाच आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, कारण भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरलेली आहे. मुंबईने ही वेळ सहजासहजी पत्करली नव्हती. ‘बॉम्बे टाइम’ भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत वापरात राहिला. त्या काळी मुंबईहून नागपूरला येणाऱ्या माणसाला घड्याळ पुढे करावं लागत असणार. आता तो फरक फक्त उन्हाला ठाऊक आहे आणि माझ्या काकूला, जी मुंबईला आमच्याकडे आली की ‘‘अजून उजाडलं कसं नाही तुमच्याकडे’’ असं रोज पहाटे विचारते.

चाकं टेकली तेव्हा उड्डाणापासून तास आणि काही मिनिटं झाली होती. सामान घ्यायला पट्ट्यापाशी शिक्षक पुन्हा भेटले. मी विचारलं, आता पुढे कसं? ते म्हणाले, ‘‘नागपूर आलं म्हणजे अर्धं झालं, ताई. माझा खरा प्रवास तर इथून सुरू होते.’’ रात्री गणेशपेठच्या बसस्थानकाजवळ नातेवाइकाकडे मुक्काम, पहाटे एसटी, अडीचशेहून जास्त किलोमीटर, आष्टीच्या पुढे रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक. सगळं नीट जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घरी. ६८५ किलोमीटर दीड तासात आलेला माणूस उरलेल्यासाठी एक रात्र आणि दुसरा आख्खा दिवस मोडणार होता. भामरागडच्या माणसाचं तर त्याहून पुढचं, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की त्याचा हिशेबच मांडता येत नाही. मुंबई-नागपूर ही रेघ महाराष्ट्राच्या दोन टोकांना जोडते असं आपण म्हणतो. ते खरं नाही. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला अजून खूप महाराष्ट्र आहे, आणि विमानाच्या वेळापत्रकात त्याची वेळ कुठेच धरलेली नाही. सरांना रिक्षात बसवून मी मेट्रोकडे वळले. वीसेक मिनिटांत सीताबर्डी, तिथून धरमपेठ हाकेच्या अंतरावर.

घरात शिरले तेव्हा सहा वाजून गेले होते. काकूने पाणी दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. ‘‘तू विमानानं येऊन राहिली, तरी दिवस तर गेलाच न!’’ तिचं खरं होतं. बारा ते सहा. त्यातलं पूर्ण वेगाचं उड्डाण वीस-बावीस मिनिटांचं. तरीही सहा तास म्हणजे सहा तास. विदर्भ एक्स्प्रेसचे चौदा होतात. काकू ऐंशीच्या घरात आहे, गुडघे चालत नाहीत, आणि रात्री-अपरात्री फोन आला तर सकाळी पहिल्या विमानाने पोहोचता येईल, या एका भरवशावर मी गिरगावात झोपू शकते. लेकीबाळी लांब दिलेल्या घरांना हा भरवसा काय असतो ते सांगायला नको.

काका टपाल खात्यात होते, रेल्वे डाक सेवेत. आता नाहीत. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मला दर वेळी सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरताना आठवते. १९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमानं सुटायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची. मुंबईच्या थैल्या दिल्लीच्या विमानात, मद्रासच्या कलकत्त्याच्या विमानात, अशी सगळी अदलाबदल सोनेगावच्या दिव्यांखाली व्हायची आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या शहरी परतायची. सुरुवातीला ही डाकोटा विमानं होती. आज जे अंतर तासाभरात जातं, ते डाकोटाला अडीच-पावणेतीन तास लागत असणार. त्याच वर्षी साधं टपालही जादा पैसे न घेता विमानाने न्यायची पद्धत सुरू झाली, म्हणजे गरिबाच्या पत्रालाही पंख मिळाले. दोन दशकांहून अधिक काळ ही सेवा चालली.

नागपूरच का? अंतरं पाहिली की उत्तर मिळतं. नागपूरपासून मुंबई ६८५ किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता पावणेदहाशे-हजार. चारही शहरांपासून एका रात्रीत जाऊन परत येता येईल असं दुसरं ठिकाण देशात सापडणं कठीण. काका ज्या पिढीचे, त्या पिढीला नागपूर कोपऱ्यात आहे असं कधी वाटलं नाही, कारण त्यांच्या हातांतून देशाचं टपाल जात होतं. झिरो माइलचा खांब शहरात आहेच. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावं आणि अंतरं कोरलेली आहेत. तो उभारला सर्वेक्षणासाठी, पण नागपूरकर त्याला देशाचा मध्य मानतो. मला तो अभिमान पटतो. आजही युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यामध्ये जाणारी कितीतरी विमानं नागपूरच्या आकाशातून जातात, इथल्या नियंत्रण कक्षाशी बोलत. वाटेत प्रवासी अत्यवस्थ झाला की अनेकदा नागपूरलाच उतरतात.

आणि तरीही १९५३ च्या नागपूर करारापासून आजपर्यंत विदर्भाची तक्रार एकच राहिली आहे : राजधानी लांब आहे. त्या करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं. डिसेंबरात त्या दिवसांत या विमानांमध्ये मंत्री, आमदार, सचिव, पत्रकार यांची गर्दी असते आणि तिकिटं साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर जातात. राजधानी दीड तासावर आली ती ज्यांना आणायला परवडते त्यांच्यासाठी. बाकीच्यांची अजून चौदा तासांवरच आहे.

परतीचं विमान सकाळचं होतं आणि तिकिटावरची वेळ जातानापेक्षा दहा मिनिटांनी जास्त होती. अंतर तेच. फरक वाऱ्याचा. हिवाळ्याकडे झुकू लागलं की या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, डिसेंबर-जानेवारीत ताशी शंभर किलोमीटरचे किंवा त्याहून जास्तही. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. पावसाळ्यात चित्र उलटतं, कारण तेव्हा द्वीपकल्पावर उंचावर पूर्वेकडून वारे वाहतात. या पूर्व झोताचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मांडला, आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात त्याला मोठं स्थान आहे. आपल्या तिकिटावरची पाच-दहा मिनिटं ऋतूप्रमाणे इकडची तिकडे होतात, ती अशी. सह्याद्रीपलीकडे आल्यावर मुंबईने आम्हाला थांबवून ठेवलं. दोन मोठे फेरे मारून, ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपरच्या टेकडीवरून आम्ही पूर्वेच्या बाजूने त्याच एका पट्टीवर उतरलो. सुटताना पाच विमानांमागे होतो, उतरताना किती होती ते खिडकीतून दिसत नाही.

मला विचाराल तर एवढंच सांगेन. मोकळी रात्र हातात असेल आणि पाठ धड असेल, तर नागपूरला रेल्वेने जा, दिवस वाचतो. घरातली चार माणसं मिळून जाणार असाल आणि दोन चालक असतील, तर समृद्धी, पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो, तेव्हा दोन तासांनी थांबा घ्याच. एकट्याने, घाईने, किंवा कोणाच्या आजारपणासाठी जायचं असेल तर विमान. आणि विमानानेच जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर दुपारचं निवडा, उजवीकडची खिडकी मागा, म्हणजे एफ, आणि पंखावरच्या रांगा टाळा. उड्डाण झाल्यावर पस्तिसाव्या मिनिटापासून दक्षिणेकडे बघत राहा. मार्ग उत्तरेला सरकला नसेल आणि ढग नसतील, तर लोणार दिसेल.